वरून वाचता येतील अशी अक्षरं

एलादिओ कार्रास्कियो हा अक्षरांच्या बाबतीत भलताच गर्विष्ठ माणूस. पुंता उवेरोच्या वाळूवर जेवढ्या होड्या ओढून ठेवलेल्या दिसतील, तेवढ्यांच्या नाकाडावर त्याच्याच हातची नावं. दुकानांच्या पाट्या त्याच्या, कोंबड्यांच्या झुंजीचा फलक त्याचा, आणि निवडणूक आली की एकाच भिंतीच्या दोन अंगांना दोन्ही पक्षांच्या घोषणाही त्याच्याच. राजधानीतून, सान हुआनहून, कुणी छापील प्लास्टिकची पाटी करून आणली, तर म्हातारा तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, वाचता येतंय खरं, पण बघवत नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव. त्याच्या पाटीला कुणी नाव ठेवलं, तर त्या माणसाशी तो वर्ष वर्ष बोलत नसे.

तरी गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचायचं, आणि त्याला कारण होतं मोठं वादळ. त्या वादळात पूल वाहून गेला, वीज गेली ती महिनोन् महिने आलीच नाही, आणि नळ कोरडे पडले म्हणून लोक ओढ्यातलं गढूळ पाणी फडक्यातून गाळून प्यायला लागले. तेव्हा एलादिओनं होड्यांसाठी ठेवलेला सगळा पांढरा रंग गोळा केला आणि चर्चसमोरच्या डांबरी रस्त्यावर माणूस आडवा झोपेल एवढाली अक्षरं काढली. पाणी हवं, अन्न हवं. एकदा स्पॅनिशमध्ये, एकदा इंग्रजीत. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला ऊन लागलं. पण थोड्याच दिवसांत बेसबॉलच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं आणि त्यातून पाण्याच्या बाटल्यांची खोकी निघाली. आता ते हेलिकॉप्टर तसंही किनाऱ्यावरच्या गावागावांत उतरत चाललं होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणा. पण हे एलादिओला सांगायची छाती कुणाची? आणि खरं सांगायचं तर जीभ टाळ्याला चिकटलेल्या माणसांना कावळा नको होता, एलादिओच हवा होता. तेव्हापासून गावात म्हणच पडली, की एलादिओचं अक्षर आभाळाला वाचता येतं. म्हातारा ती ऐकून मान खाली घालायचा, पण हसू काही त्याला लपवता यायचं नाही.

गावापासून दोन खाड्या ओलांडल्या की गोऱ्यांच्या नौदलाचा जुना तळ. आमच्या बापजाद्यांनी त्या नौदलाशी भांडून आयुष्यं घालवली, होड्या घेऊन लढाऊ जहाजांना आडवे गेले, आणि शेवटी ते हललं तेव्हा किनाऱ्यावर उजाडेपर्यंत ढोल वाजत होते. धावपट्टीवर गवत माजलं, त्यावर मोठाले इग्वाना सरडे ऊन खात पडू लागले. वाटलं, सुटलो एकदाचे. कसले सुटतो! वादळानंतर काही वर्षांनी, एका पावसाळ्यात कुंपणाची तार नवी झाली, ट्रकांमागून ट्रक आले, आणि एका सकाळी ती विमानं आली. करडी, आखूड पंखांची, रडारवर दिसत नाहीत म्हणतात तसली. रडारचं सोडा, डोळ्यालाही धड दिसायची नाहीत. मान वर करावी तर विमान टेकडीपलीकडं गेलेलं असायचं आणि आवाज मागून येऊन बरगड्यांवर आदळायचा. बाया दोरीवरचे कपडे काढता काढता खांदे आवळून घ्यायच्या. ती कुठं जातात, काय करून येतात, हे रेडिओवर कुणी सांगत नव्हतं, आणि तळावर कामाला जाणारे विचारलं की बूट बघायला लागायचे.

एलादिओला भीतीपेक्षा राग जास्त आला, आणि तोही धंद्याचा. एकदा तो धक्क्यावर उभा असताना एक विमान चाकं काढून अगदी खालून गेलं. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. शेपटीवर आकडे होते, अंगावर झेंडाही होता, पण सगळं करड्यावर करडं. कुणाला वाचताच येऊ नये म्हणून काढलेलं. एवढा पैसा ओतून नाव लपवायचं, असं तो धक्क्यावर भेटेल त्याला सांगत सुटला. नाव पुसून फिरणाऱ्याच्या मनात काय असतं, ते काय ज्योतिष्यानं सांगायला हवं, म्हणाला.

मग दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर एका होडीचा तुकडा आमच्या खडकांवर येऊन लागला. हिरवा फायबर, एक कड जळून काळी ठिक्कर पडलेली. आमच्या गावची नव्हती. खालच्या कुठल्यातरी बेटावरची असावी. त्यावर नावाची शेवटची दोन-तीन अक्षरं तेवढी शिल्लक होती. एलादिओनं ती बोट फिरवून बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, हात चांगला होता बिचाऱ्याचा. चोरट्या मालाच्या होड्या ही विमानं वरूनच जाळतात अशी कुजबुज होती, पण ही चोरट्या मालाची होती की मासेमाराची, हे कोण सांगणार? एक जण म्हणाला, इंजिनानं पेट घेतला असेल. बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलं कुणीही खडकांच्या रांगेपलीकडं गेलं नाही.

भ्यालो असं मात्र एकानंही म्हटलं नाही हो. कुणाच्या इंजिनाचा प्लग खराब झाला, कुणाची कंबर धरली, कुणाला अचानक जाळी दुरुस्त करायचा उमाळा आला. तांबोशी मिळते ती लांब, खोल पाण्यात. खडकांच्या आत मिळते ती सगळी चिल्लर मासळी. बघता बघता गावची मासळी जिथून विकली जाते त्या मासळीघरातल्या पेट्या रिकाम्या झाल्या, खानावळवाले दुसऱ्या गावाहून मासे आणायला लागले, आणि मासेमारांच्या घरी रोज भात आणि डब्यातलं मांस शिजायला लागलं.

मासळीघराचा कारभार गुमेर्सिंदोकडं होता. सगळे त्याला मानानं डॉन गुमेर म्हणायचे. गोड बोलून काम काढून घेणारा माणूस. तो एका सकाळी कॉफीच्या वेळेला एलादिओच्या अंगणात येऊन बसला. वादळानंतर छपरांवर घातलेल्या निळ्या ताडपत्र्या अजून घरोघरी पडून होत्या. त्याचा बेत असा, की होडीवर नळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर ताडपत्री ताणायची आणि तीवर भलीमोठी अक्षरं काढायची, मासेमार. वरच्याला वाचता आलं म्हणजे झालं. "डॉन एलादिओ, हेलिकॉप्टर तुम्हीच बोलावलंत," गुमेर म्हणाला, "आता ह्यांना तुम्हीच घालवून द्या."

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. एलादिओ चढला. कुठल्या भाषेत लिहायचं यावर मासळीघरात दुपारभर वाद झाला. निम्मे म्हणाले इंग्रजीत, विमानवाले गोरे असणार. गुमेर म्हणाला, आमच्या बेटावरची अर्धी पोरं त्यांच्याच फौजेत आहेत, वर बसलेला आपल्यातलाच कुणी निघाला तर? शेवटी दोन्ही भाषांत लिहायचं ठरलं. आनिबालनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की पहिली होडी माझी. आनिबाल म्हणजे एलादिओचा एकुलता एक मुलगा. हट्टात बापाच्या वरताण, आणि बायकोला सातवा महिना. "व्येहोनं लिहिलंय म्हटल्यावर मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. आमच्याकडं बापाला व्येहो, म्हणजे म्हातारबा, म्हणायची रीत आहे, मग तो बाप पंचविशीतला का असेना. सोमवारी पहाटे चार होड्या निघायच्या, असं पक्कं झालं.

एलादिओच्या अंगात वारं शिरलं. अंगणभर निळ्या ताडपत्र्या पसरून तो गुडघ्यांवर रांगत होता, दुखऱ्या गुडघ्यांखाली पोतं घेऊन. दोरीनं रेघा आखल्या, कडा खडूनं काढल्या, पांढरा भरला. अशी अक्षरं त्यानं जन्मात काढली नव्हती. भिंतीपलीकडून लोक डोकावून जायचे आणि तो न बघितल्यासारखं करायचा.

नेरेइदा आली ती शुक्रवारी. त्याच्या बहिणीची मुलगी, तिची सगळी नोकरी हवाई दलात गेली होती. लहानपणी मामाच्या हाताखाली ब्रश धरायला शिकली, आणि पुढं त्याच विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात लागली. तो जो करडा लेप असतो ना विमानाच्या अंगावर, त्याला जराही ओरखडा उमटला की तो भरून गुळगुळीत करायचं काम तिचं. रडारला विमान दिसू नये ही सगळी त्या लेपाची आणि त्या अंगाच्या घडणीची करामत. माझी भाची विमानं रंगवते, असं एलादिओ येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. आता ती पेन्शन घेऊन आईच्या घरी येऊन राहिली होती. विमान वरून गेलं की गावात सगळे मान वर करत, ती करत नसे.

तिनं ताडपत्र्यांच्या कडेनं एक फेरी मारली. मग उपड्या बादलीवर बसली आणि मामाला म्हणाली, "तिओ, अक्षरं सुरेख झालीत. पण ते वाचत नाहीत."

मामा हसला. म्हणाला, इंग्रजीतपण लिहिलंय.

"तसं नाही. ते इतक्या लांब असतात की तुला ऐकूही येणार नाहीत. तिथून त्यांना रंग दिसत नाही, ऊब दिसते. इंजिन तापलेलं, तो एक पांढरा ठिपका. माणसं गरम, ते आणखी दोन ठिपके. ताडपत्री सगळी सारखीच गार. तुझी अक्षरं तिथं नसतातच."

एलादिओनं ब्रश डब्याच्या काठावर निथळला. ती बोलत राहिली. तिनं सांगितलं, की आता कितीतरी देशांच्या फौजांनी हे विमान घेतलंय आणि नोकरीत ती त्यांच्यातल्या बऱ्याच ठिकाणी जाऊन आलीय. प्रत्येक धावपट्टीच्या टोकाला एक पुंता उवेरो असतंच. जपानात समुद्राचं शेवाळ वाळवणाऱ्या बायका होत्या, इटलीत भाताची खाचरं, नॉर्वेत बर्फातून मेंढ्या हाकणारा एक म्हातारा. झेंडा बदलायचा, करडा तोच. आणि सगळीकडं लोक वर बघून म्हणायचे, हे आपलंच आहे, हे आपल्याला ओळखेल.

"आणि नाही ओळखत?" एलादिओनं विचारलं.

"मी खालच्यांना वरचं दिसू नये म्हणून झिजले, तिओ. वरच्यांना खालचं नीट दिसावं, हे काम आमच्या खात्यात कुणाकडंच नव्हतं." ती उठली. "आनिबालला जाऊ देऊ नकोस."

म्हाताऱ्याला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. शेवटचं अक्षर तेवढं भरून त्यानं डबा बंद केला. दिवस कलताना तो गुमेरकडं गेला आणि भाची काय म्हणाली ते सगळं सांगितलं. गुमेरनं ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, की मला ते आधीच वाटलं होतं. पण माणसं दर्यावर गेली नाहीत तर मासळीघराला कुलूप लागेल. त्यांना धीर हवा होता, तो तुमच्या अक्षरांनी दिला. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या. एलादिओ म्हणाला, पहिल्या होडीत तुझा मुलगा नाही, माझा आहे. तरी ताडपत्र्या बांधायचं काम काही गुमेरनं थांबवलं नाही.

शनिवारी एलादिओनं मुलाला गाठलं. आनिबाल होडीवर नळ्या आवळत होता. म्हाताऱ्यानं नेरेइदानं सांगितलं ते सांगितलं, ऊब, ठिपके, सगळं. आनिबालनं पाना खाली ठेवला नाही.

"वादळातही लोक हेच म्हणत होते," तो म्हणाला. "कोण वाचणार, म्हाताऱ्याला ऊन लागलं. आलं की नाही हेलिकॉप्टर?"

आता एलादिओला ते स्वतःच्या तोंडानं बोलावं लागलं. आयुष्यात त्यानं कुणाकडून ते ऐकून घेतलं नसतं. "ते तसंही येणारच होतं," तो म्हणाला. "सगळ्या गावांत उतरत होतं. माझं लिहिणं कुणी वाचलं नाही, पोरा."

आनिबाल हसला. चांगलं मोकळं हसला. "इतकी वर्षं डोकं खाल्लंस माझं त्या हेलिकॉप्टरवरून, आणि आज ते तसंही येणार होतं? माझ्यासाठी घाबरलायस, व्येहो. खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुला."

जन्मभराची बढाई खरी वाटली आणि जन्मात एकदा बोललेलं खरं तेवढं खोटं ठरलं. त्यानं सुनेचं अवघडलेपण सांगून बघितलं, येणाऱ्या बाळाचं सांगून बघितलं. आनिबालचं एकच म्हणणं, आज जो किनाऱ्यावर बसला तो कायमचा बसला. आजोबा जहाजाला आडवे गेले होते, मी काय मासे धरायलाही जाऊ नको?

रविवारी सकाळी सगळं गाव मिस्साला गेलं. पाद्रीबाबा होड्यांसाठी प्रार्थना करणार होते, म्हणून म्हातारेकोतारेही गेले. एलादिओ तेवढा गेला नाही. होडीच्या बुडाला लावायचा करडा रंग त्याच्याकडं पडून होता. तो डबा आणि रुंद ब्रश घेऊन तो वाळूवर उतरला. चार होड्या, चार ताडपत्र्या. स्वतःच्या हातची सगळ्यांत चांगली अक्षरं त्यानं एकेक करून पुसली. त्याचा हिशेब साधा होता. अक्षरं नाहीत तर धीर नाही, धीर नाही तर कुणी जाणार नाही. घंटा वाजून लोक बाहेर पडले तेव्हा तो हात रॉकेलनं धूत बसला होता.

मग काय विचारता! शिव्यांचा नुसता पाऊस. गुमेरनं त्याच्या आईबापाचा उद्धार केला. पण मी तिथं होतो, मला तोंडं दिसत होती. शिव्या घालणाऱ्यांच्या तोंडावरची रग हळूहळू उतरत होती आणि तिथं दुसरंच काहीतरी येत होतं. एकाला आठवलं, की आपला प्लग अजून बदललेला नाही. दुसऱ्याची कंबर परत भरून आली. सोमवारचं बघू, म्हणत म्हणत सगळे जेवायला घरी गेले. आनिबाल एकटा आपल्या होडीपाशी उभा होता. बापाकडं त्यानं बघितलंही नाही.

सोमवारी उजाडलं तेव्हा तिघांच्या होड्या वाळूवर होत्या. चौथी पाण्यात होती. आनिबाल गुडघाभर पाण्यात उभा राहून इंजिनाचा पंखा खाली सोडत होता. डोक्यावर ती करडी ताडपत्री, कोरी, वाळलेली.

एलादिओ धावत आला. त्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. वाळूवर येऊन त्यानं वर बघितलं, मग ताडपत्रीकडं बघितलं, आणि आपण काय करून बसलो ते त्याला त्या क्षणी कळलं. गावातून निघालेली एकुलती एक होडी, आणि तिच्या डोक्यावर नाव पुसलेलं. पुसणारा हात बापाचा.

"ती ताडपत्री काढून टाक," तो ओरडला.

"राहू दे," आनिबाल म्हणाला. "बघू दे सगळ्यांना माझ्या बापानं काय केलंय ते."

एलादिओ मागं वळला. आम्हाला वाटलं, म्हातारा रडायला घरी चालला. पण तो नुसता होड्यांच्या शेडपर्यंत गेला, पांढऱ्याचा डबा घेतला, ब्रश घेतला, आणि सपाता, पँट, सगळ्यानिशी पाण्यात शिरला. आनिबाल आत चढला होता, होडी सुटत होती. त्यानं कडेला हात घातला, एक पाय आत टाकला, दुसरा काही येईना. आनिबालनं क्षणभर बघितलं, मग शर्टाला धरून त्याला मासळीच्या गोणीसारखा आत ओढून घेतला. इंजिन लागलं आणि होडी खडकांच्या फटीतून बाहेर पडली. वाळूवर नेरेइदा आमच्यात उभी होती. त्या दिवशी पहिल्यांदाच मी तिला वर बघताना पाहिलं.

बाहेर पाणी उसळत होतं. एलादिओ माशांच्या पेटीवर चढून उभा राहिला, एका हातानं नळीला धरलं, आणि ताडपत्रीच्या कडेवरून वाकून करड्यावर पांढरा ओढायला लागला. रेघ आखलेली नाही, खडू नाही. पहिलं अक्षर लाटेबरोबर तिरपं गेलं. दुसरं त्याहून तिरपं. आयुष्यात एवढं वाईट अक्षर त्यानं काढलं नव्हतं, आणि तो थांबतही नव्हता. दक्षिणेकडं काहीतरी गेलं. दिसलं नाही, पण आवाज पाण्यावरून येऊन होडीच्या बुडाला लागला. दोघांनीही माना आत घेतल्या. रंग ताडपत्रीवरून ओघळून म्हाताऱ्याच्या मनगटावर आला.

"व्येहो," आनिबाल म्हणाला. त्याचा आवाज आता वाळूवरचा राहिला नव्हता. "कोण वाचणार आहे ते?"

"कुणीच नाही," एलादिओ म्हणाला. "तो डबा धर, सांडतोय."

आनिबालनं एक हात इंजिनावरून काढला आणि डबा धरला.